थर, खुर्ची आणि डोकं

दरवर्षी जुलैत माझ्याकडे एक एक्सेल शीट असते. आमच्या गल्लीच्या गोविंदा पथकाची विम्याची यादी. डोंबिवली पूर्वेला, जिथे मी लहानाचा मोठा झालो, तिथलं हे पथक. ‘हा दिवसभर लॅपटॉपवरच असतो’ एवढ्या पात्रतेवर हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, मोबाइल आणि शेवटी थर. हा शेवटचा रकाना मी मामांसाठी ठेवतो. मामा म्हणजे आमचे प्रशिक्षक. साठीला टेकलेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण कोण कुठल्या थरावर उभा राहील हे पोरगं चालताना बघूनच सांगतात.

२०२५च्या यादीत मी एका ओळीवर अडलो. पोरगा आमच्या मागच्याच चाळीतला. वजन जेमतेम तीस किलो, चढायला खारीसारखा. जन्मतारखेवरून वय निघालं बारा आणि सेल लाल झाला. चौदाखालचं वय आलं की सेल लाल व्हावा, असा फॉर्म्युला मीच लावून ठेवला होता. मामांना फोन केला. ते म्हणाले, “चौदा टाक रे. दोन वर्षांनी होणारच आहे की तो चौदाचा.”

मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. हा चौदाचा आकडा नेमका आला कुठून, हे मलाही तोवर धड माहीत नव्हतं. ते शोधायला बसलो आणि वाट भलतीकडेच गेली. ठाण्याच्या वर्तकनगरातून निघालो तो अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या विधिमंडळात पोचलो, आणि तिथे मला माझ्या लहानपणचे पैलवान भेटले.

२००७ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या वयाच्या आम्हा पोरांचे दोन मोठे सण होते. एक श्रावणात यायचा, दुसरा टीव्हीवर वर्षभर चालायचा. दुसऱ्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत आम्ही ट्रम्प कार्डं खेळायचो. ज्याच्याकडे खलीचं कार्ड, त्याने उंची विचारायची आणि समोरच्याचं कार्ड घ्यायचं. दिलीप सिंग राणा हे खलीचं खरं नाव, पंजाब पोलिसातला माणूस. २००६ मध्ये त्याने पहिल्याच दिवशी अंडरटेकरला आडवं केलं, तेव्हा चाळीत इंडिया जिंकल्यासारखा आवाज झाला होता.

माझे आजोबा कराडकडचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. ते आमच्या मागे खुर्चीत बसून एकच शब्द बोलायचे, “नुरा.” नुरा कुस्ती म्हणजे कोण हरणार हे आधीच ठरलेली. हा शब्द आता राजकारणाच्या बातम्यांतच जास्त दिसतो, पण आजोबांच्या तोंडी ती शिवी होती. त्यांनी मला एकदा हौद्यातली माती कशी करतात ते सांगितलं होतं. तांबडी माती चाळायची, त्यात तेल, ताक, हळद घालायची, रोज खणून भुसभुशीत ठेवायची. पडणाऱ्याला लागू नये म्हणून जमीनच आधी मऊ करायची. ही गोष्ट मला तेव्हा कंटाळवाणी वाटली होती.

आम्ही जमिनीवर गादी टाकून डाव करायचो. ‘घरी करून पाहू नका’ ही पट्टी टीव्हीवर यायची. आम्ही ती जिन्याखाली करायचो, म्हणजे नियम मोडला नाही असं आमचं मत. त्यात कुणाला फार काही लागलं नाही. लागलं ते मला दहीहंडीच्या सरावात.

२००८ची गोष्ट. अकरा वर्षांचा होतो, पाचव्या थरावर उभा होतो. खाली कोणाचा तरी खांदा सरकला आणि सगळंच बसलं. मी खाली आलो तो माणसांवरून घसरत, आणि शेवटी माझं डोकं कुणाच्या तरी कोपरावर आपटलं. रक्त नाही, टेंगूळही लहानसं. मी उठून उभा राहिलो तेव्हा टाळ्या वाजल्या. त्या रात्री मला दोनदा उलटी झाली. आईला सांगितलं, बाहेरचा वडापाव बाधला. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा चढलो.

याला कंकशन म्हणतात, हे मला इंजिनिअरिंगला असताना कळलं, तेही एका पैलवानावरचा व्हिडिओ बघताना. कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात असतो. डोकं अचानक थांबलं किंवा गर्रकन फिरलं की कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. तो आतल्या आत हेलकावतो, पिळवटतो. बाहेरून काही दिसत नाही, साध्या सीटी स्कॅनवरही बहुतेक वेळा काही दिसत नाही, आणि माणूस बेशुद्ध पडलाच पाहिजे असंही नाही. आमच्या धंद्यात जी सिस्टिम बिघडूनही लॉगमध्ये काहीच लिहीत नाही, ती सगळ्यात वाईट समजतात. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, ही मोठीच गोष्ट आहे, पण आतला हेलकावा त्याने फारसा थांबत नाही. आणि पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर क्वचित का होईना, मेंदूला झपाट्याने सूज येते आणि माणूस जातो. मी तिसऱ्या दिवशी चढलो होतो, हे वाक्य मला त्यानंतर बरेच दिवस झोपताना आठवायचं.

खलीच्याच बाबतीतली एक गोष्ट तेव्हा आम्हाला माहीत नव्हती. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रशिक्षण केंद्रात तो सराव करत होता. त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या तरुणाला आधीच एकदा डोक्याला मार बसून कंकशन झालं होतं, तरी त्याला पुन्हा रिंगणात उतरवलं. खलीने टाकलेल्या डावात तो पडला आणि डोक्याच्या दुखापतीने गेला. घरच्यांनी खटला भरला, आणि २००५ मध्ये ज्युरीने प्रशिक्षण केंद्राला जबाबदार धरून तेरा लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. म्हणजे आम्ही ज्याची उंची विचारून कार्डं जिंकत होतो, त्याच्या आयुष्यात ही गोष्ट आधीच घडून गेलेली होती.

आता आजोबांच्या ‘नुरा’कडे येतो. शेवट ठरलेला असतो, हे खरंच आहे. पण पडणं खरं असतं. १९९८च्या जूनमध्ये मिक फोली हा पैलवान पिट्सबर्गमध्ये सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून खाली टेबलावर फेकला गेला. ठरवून. पुढच्या जानेवारीत त्याचे हात पाठीमागे बेड्यांनी बांधून डोक्यात लोखंडी खुर्च्या घातल्या गेल्या. ठरले होते पाचेक फटके, बसले अकरा. त्याची बायको आणि दोन लहान मुलं पुढच्याच रांगेत होती; ती रडताना एका माहितीपटात दिसतात. कोण जिंकणार हे ठरलेलं होतं म्हणून खुर्ची थर्माकोलची होत नाही. १९९९च्या मे महिन्यात ओवेन हार्ट कॅन्सस सिटीच्या स्टेडियमच्या छतापासून दोरावर खाली येत होता, अठ्ठ्याहत्तर फुटांवरून. दोराचा हुक सुटला. त्याला हॉस्पिटलात नेलं, तो गेला, आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला.

हे असं चालू कसं शकतं? इथे न्यू जर्सी येतं. अमेरिकेत बॉक्सिंगसारखीच कुस्तीवरही अनेक राज्यांची देखरेख असायची. परवाना, लढतीआधी डॉक्टरची तपासणी, तिकिटांवर कर. १९८९ मध्ये या कंपनीने न्यू जर्सीच्या लोकप्रतिनिधींपुढे स्वतःहून कबूल केलं, की आमचा हा काही खरा मुकाबला नाही, ही करमणूक आहे. शंभर वर्षं जपलेलं गुपित त्यांनी स्वतःच फोडलं. कारण एकदा ‘खेळ’ हे नाव गेलं, की परवाना जातो, कर जातो आणि डॉक्टरही जातो. ज्याला माझे आजोबा शिवी म्हणून वापरायचे, तो शब्द या लोकांनी सवलत म्हणून मागून घेतला. हे वाचल्यावर मी खरंच लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पुढचं थोडक्यात. जून २००७ मध्ये ख्रिस बेन्वा या पैलवानाने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून आत्महत्या केली. दोराच्या उंचीवरून समोरच्याच्या अंगावर डोक्याने उडी घेणं हा त्याचा आवडता डाव होता. त्याचा मेंदू तपासणाऱ्यांनी त्याची तुलना पंचाऐंशी वर्षांच्या अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूशी केली. तो चाळीस वर्षांचा होता. त्या झिजेमुळेच त्याने हे केलं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण त्यानंतर ‘हे नाटक आहे’ म्हणून झटकून टाकणं कठीण झालं. २०१०च्या सुमारास कंपनीने डोक्यात खुर्ची मारायला बंदी घातली. कंकशन झालेल्याला डॉक्टरने सोडल्याशिवाय रिंगणात येता येईना. २०१६ मध्ये डॅनियल ब्रायनला कीर्तीच्या शिखरावर असताना याच कारणाने निवृत्ती घ्यावी लागली, आणि दोन वर्षांनी डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच तो परतला. नाव करमणुकीचंच राहिलं, पण डॉक्टर परत आला.

आता आपल्याकडे. दहीहंडी काय आहे? सण आहे, हे पहिलं उत्तर. आमच्या चाळीत ती दोन इमारतींच्या मध्ये दोरीवर असायची, बक्षीस म्हणजे हंडीतलं दही आणि वर्गणीतून उरलेले पैसे. ठाण्यात टेंभीनाक्याची हंडी आनंद दिघ्यांच्या काळापासूनची. पण नव्वदीनंतर आणि विशेषतः २००० नंतर ठाण्याच्या एकेका चौकात एकेका पुढाऱ्याची हंडी उभी राहिली. पाचपाखाडी, वर्तकनगर, रघुनाथनगर, जांभळीनाका. क्रेनला टांगलेली हंडी, मागे एलईडीचा पडदा, स्टेजवर सिनेमातले लोक, आणि थराप्रमाणे बक्षीस. हंडी न फोडता नुसते थर लावून उतरायचं याला सलामी म्हणतात, त्याचेही पैसे. सात थरांचे इतके, आठचे इतके, नऊचे लाखांत. मुंबईची पथकं ट्रक भरभरून ठाण्याकडे यायला लागली. आम्ही डोंबिवलीहून टेम्पोने जायचो. जत्थ्याबरोबरचे बाइकवाले तिघं तिघं, डोक्याला फक्त पट्टी. (डोक्याच्या दुखापतीचा विषय काढलाच आहे तर हेही लिहून ठेवतो.)

१० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने वर्तकनगरात नऊ थर लावले. उंची १३.३४ मीटर, म्हणजे ४३.७९ फूट. गिनीज बुकात नोंद झाली, स्पेनचा १९८१चा विक्रम मोडला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि त्या गर्दीत होतो. वरचं पोरगं उभं राहून हात वर करतं तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. अंगावर काटा येतो हे नुसतं म्हणायला नाही, माझ्या आला होता. हे इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर मी कुणीतरी बाहेरचा माणूस असल्यासारखं वाटेल.

पण आकडेमोड करतोच. १३.३४ला नऊने भागा, एक थर साधारण दीड मीटरचा. फोली ज्या पिंजऱ्यावरून पडला तो आपल्या हिशेबात सव्वातीन थर. नऊ थरांच्या वर उभ्या असलेल्या पोराचे पाय जमिनीपासून बारा मीटरवर असतात. तिथून कोणी थेट खाली आलं, तर जमिनीशी वेग ताशी पंचावन्न किलोमीटर होतो. अर्थात थर कोसळतात तेव्हा कोणी सरळ खाली येत नाही. माणसांवरून आपटत येतो, त्याने वेग कमी होतो, आणि ज्यांच्यावर आपटतो त्यांची डोकी आणि मानाही त्यात येतात. वरच्या बालगोविंदाला मोठ्या हंड्यांत आता क्रेनवरून सोडलेला दोर आणि पट्टा असतो, चांगलंच आहे. पण दोर एकालाच असतो. खालच्या सात-आठ थरांतल्या माणसांना एकमेकांचे खांदे. आणि खाली हौद्याची माती नसते. डांबरी चौक असतो, पाण्याने ओला केलेला.

२०१४च्या ऑगस्टमध्ये, स्वाती पाटील यांच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला: अठराखालचं कोणी चढवायचं नाही आणि उंची वीस फुटांपेक्षा जास्त नको. वीस फूट म्हणजे चार थर. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयातून सवलत मिळाली आणि त्या वर्षी थर लागले. २०१५ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला ‘साहसी खेळ’ ठरवलं. इथे मला न्यू जर्सी आठवलं, फक्त उलट्या बाजूने. तिकडे ‘खेळ’ हे नाव टाकून दिलं, इकडे ते घेतलं. कारण दोन्हीकडे एकच प्रश्न होता: कुठल्या नावाखाली कमी विचारलं जाईल? सण म्हटलं की श्रद्धा येते, साहसी खेळ म्हटलं की ‘जोखीम ज्याची त्याची’ येते. आणि बक्षीस तर कुठल्याही नावाने देता येतं.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षं आणि वीस फूट या अटी सैल करायला नकार दिला. त्या वर्षी ठाण्यात मनसेच्या हंडीत नऊ थर लागले आणि गुन्हा नोंदवला गेला. आम्ही पोरं ते फोनवर बघून टाळ्या वाजवत होतो. कायदा मोडला याच्या नव्हे, थर लागले याच्या. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आलं. सरकारने सांगितलं, चौदाखालच्या मुलांना चढू देणार नाही. न्यायालयाने ते मान्य केलं आणि उंचीचा प्रश्न विधिमंडळावर सोडला. माझ्या एक्सेलमधला लाल सेल तो हा. अठराचे चौदा असे झाले. वीस फुटांचं काहीच झालं नाही.

त्यानंतर पैसा आणि मान्यता दोन्ही वाढले. २०२२ मध्ये सरकारने पुन्हा साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, सरकारी नोकरीतल्या क्रीडा कोट्यात गोविंदांना जागा देण्याची घोषणा केली, मृत्यू झाल्यास घरच्यांना दहा लाख रुपये. २०२३ पासून वरळीच्या डोममध्ये प्रो गोविंदा लीग सुरू झाली, संघमालकांसकट. १६ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच वर्तकनगरात कोकण नगर पथकाने दहा थर लावले. आणि त्याच्या काही दिवस आधी दहिसरला सरावात एक मुलगा वरून पडून गेला. वय वर्षं अकरा. सरावाला क्रेन नसते, कॅमेरा नसतो, बहुतेक वेळा दोरही नसतो. सराव होतात रात्री नऊनंतर, मुलं शाळेतून, माणसं कामावरून आल्यावर. वर्षभरातले सगळ्यात जास्त थर तेव्हाच लागतात आणि तेव्हाच पडतात.

थर लावायची ही हौस जगात आपल्यालाच आहे असं नाही. स्पेनमधल्या कॅटलोनियात दोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, तिकडेही शेंड्याला लहान मूल असतं, आणि तळाला शेकडो लोक एकमेकांना चिकटून उभे राहतात. पडणाऱ्याला झेलायला माणसांचीच गादी. २००६ मध्ये मातारो गावच्या पथकातली बारा वर्षांची मुलगी पडून गेली. त्यानंतर तिथे मुलांच्या डोक्यावर खास बनवलेली मऊ हेल्मेटं आली. परंपरा बुडाली नाही. २०१०ला युनेस्कोच्या यादीत गेली, आणि थर दहापर्यंत लागतातच. फरक मला एवढाच दिसला, की त्या एका मुलीनंतर पथकांनी स्वतः बसून काहीतरी बदललं. आपल्याकडे बदल झाले ते न्यायालयातून आले आणि पथकांना ते शत्रूकडून आल्यासारखे वाटले. त्यात पथकांची चूक पूर्ण नाही. पायाला उभा राहणारा माणूस अंधेरीच्या गोदामात हमाली करतो, वर्षातून एक दिवस अख्खं ठाणं त्याच्याकडे मान वर करून बघतं. तो दिवस काढून घ्यायला काळा कोट आला, असं त्याला वाटणारच.

दहिसरची बातमी आली त्या रात्री आमचाही सराव होता. मामा खुर्चीत बसले होते. मी त्यांना माझं २००८चं पडणं, उलटी, वडापाव, सगळं सांगितलं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हा सांगितलं असतंस तर.” मी म्हटलं, “सांगितलं असतं तर चढू दिलं असतंत?” ते म्हणाले, “नसतं दिलं. म्हणूनच तू बोलला नाहीस ना?”

यादी मला त्या आठवड्यात पाठवायचीच होती. बारा लिहिलं तर तो नियमातच बसत नाही. चौदा लिहिलं तर खोटं लिहिणारा मी. मी ती ओळ काढून टाकली आणि शीट पाठवून दिली. मला वाटलं, नाव नाही म्हणजे तो चढणार नाही. मामांनाही तसं सांगितलं. ते “बरं” म्हणाले.

दहीहंडीच्या दिवशी मला ऐरोलीच्या ऑफिसातून निघायला उशीर झाला. तलावपाळीपाशी पथकाला गाठलं तेव्हा थर लागायला सुरुवात झाली होती. पाया, दुसरा, तिसरा. सहाव्यावर कोण चढतंय ते मला पाठमोरंच दिसलं, पण चढण्याची ढब ओळखीची होती. डोक्यावर हेल्मेट होतं, मामांनी कुठूनतरी नवीन आणलेलं, त्याच्या मापापेक्षा मोठं, पट्टा हनुवटीखाली दोन वेढे देऊन आवळलेला. त्याने हात वर केला. माझ्या तोंडून सगळ्यांबरोबर आरोळी निघाली.

तो नीट उतरला. पाणी पिताना त्याने मला पाहिलं आणि धावत आला. “दादा, माझं नाव यादीत आहे ना?”